कोळसा झाला, छिद्रं अजून पाडायची आहेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नारळाच्या करवंट्या आणि भाताचा तूस झाकणाच्या पिंपात जाळून कोळसा केला, कुटला, एका खेपेला कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात आणि दुसऱ्या खेपेला लिंबाच्या रसात रात्रभर भिजवला, धुऊन वाळवला. तरीही काकवीच्या पाण्याचा रंग जेमतेम उतरतो. चुकलं कुठे, आणि शेतातल्या टाकाऊ मालापासून लहान प्रमाणावर चांगला सक्रिय कार्बन खरोखर करता येतो का?

करता येतो. कोळसा करेपर्यंत तुमचं काही चुकलेलं नाही. पण त्यापुढचं जे मुख्य काम, सक्रियण, ते झालेलंच नाही. भिजवण्याची ही कृती सगळीकडे फिरते आणि मेहनती माणसांचे महिने खाते, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

कोळसा होताना लाकडातली वाफ, वायू आणि डांबर बाहेर पडतात आणि कार्बनचे वेडेवाकडे रचलेले पापुद्रे मागे राहतात. त्या पापुद्र्यांमध्ये फटी असतात, पण बऱ्याचशा डांबराच्या अवशेषांनी बुजलेल्या किंवा इतक्या अरुंद असतात की रंगाचा रेणू आत शिरत नाही. सक्रियण म्हणजे या फटी उघडणं आणि रुंदावणं. ते कार्बनचा काही भाग आतून खाऊन टाकल्याशिवाय होत नाही. ८५०-९०० अंश सेल्सियसला वाफ कार्बनशी भिडते, कार्बनचा एक अणू घेऊन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होऊन निघून जाते. तो अणू जिथून गेला तिथे पोकळी राहते. असं अब्जावधी वेळा घडलं की एका ग्रॅममध्ये सुमारे १००० चौरस मीटर पृष्ठभाग तयार होतो, म्हणजे चिमूटभर मालात जवळजवळ दहा गुंठे.

खोलीच्या तापमानाला लिंबाचा रस यातलं काहीच करत नाही. तो कोळशातली थोडी राख विरघळवतो, कोळसा स्वच्छ होतो, इतकंच. तयार कोळशावर कॅल्शियम क्लोराइड ओतून नंतर धुऊन टाकलं तर तेही नुसतं आत जाऊन बाहेर येतं. रासायनिक सक्रियण ही खरी पद्धत आहे, पण त्यात फॉस्फोरिक ॲसिड किंवा झिंक क्लोराइड कच्च्या मालात मुरवतात, कोळसा होण्याच्या आधी, आणि मग सगळं मिळून तापवतात. कुठल्या तरी टप्प्यावर कोणीतरी हा क्रम उलटा लिहिला आणि तोच पसरला असावा.

तुमच्या चाचणीनेही करवंटीवर थोडा अन्याय केला आहे. करवंटीच्या कार्बनमधली बहुतेक छिद्रं २ नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. क्लोरीन, वास देणारे पदार्थ, द्रावकांची वाफ असे छोटे रेणू पकडायला ती उत्तम. काकवीतला तपकिरी रंग मात्र मोठमोठ्या रेणूंचा असतो, त्याला २ ते ५० नॅनोमीटरची मध्यम छिद्रं लागतात. उत्कृष्ट करवंटी कार्बनही या परीक्षेत मागे पडेल. म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: हा कार्बन नेमकं काय धरणार आहे? त्याचं उत्तर ठरल्याशिवाय कच्चा माल आणि पद्धत ठरवता येत नाही.

आता कच्चा माल. करवंटी या कामासाठी जवळजवळ आदर्श आहे. ती घट्ट आहे, तिच्यात लिग्निन (लाकडाला टणकपणा देणारं द्रव्य) भरपूर आहे आणि राख एक टक्क्याच्या आसपास. दाणे कडक निघतात, पाण्याच्या टाकीत झिजून त्यांची पूड होत नाही. अक्रोडाची कवचं, जर्दाळू-पीचसारख्या फळांच्या कठीण बिया आणि तेलताडाची कवचं याच कुळातली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत गॅस मास्कसाठी लोकांकडून पीचच्या बिया आणि अक्रोडाची टरफलं गोळा केली जात होती, ती याच घट्टपणासाठी.

तूस ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिथे तुम्हाला थांबवावंसं वाटतं. त्यात १५ ते २० टक्के राख असते, आणि ती बहुतांश सिलिका, म्हणजे वाळूचंच द्रव्य. हिशेब मांडून बघा. १०० किलो तुसातून समजा ३८ किलो कोळसा मिळाला, त्यात राख १८ किलो, म्हणजे खरा कार्बन २० किलो. सक्रियणात त्यातला निम्मा गेला की उरले १० किलो कार्बन आणि तीच १८ किलो राख. २८ किलोचा जो काळा माल हातात येतो, त्यात जवळजवळ दोन तृतीयांश राख आहे. सक्रियण कितीही छान करा, ग्रॅममागे काम करणारा भाग एक तृतीयांशच.

यावर उपाय आहे: तुसाचा कोळसा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळून सिलिका काढायची. ती सोडियम सिलिकेट होऊन पाण्यात जाते आणि जाता जाता स्वतःही छिद्रं सोडून जाते. पण १ किलो सिलिकाला हिशेबाने १.३ किलोपर्यंत कॉस्टिक लागतं, आणि ते अल्कलीयुक्त पाणी उघड्यावर सोडता येत नाही. त्या द्रावणातून आम्लाने सिलिका पुन्हा काढून ती उपयोगात आणणार असाल तरच गणित बसतं. शिवाय कोळसा करताना तापमान ७०० अंशांच्या खाली ठेवायला हवं. त्याच्या वर सिलिका स्फटिकरूप व्हायला लागते, मग ती कॉस्टिकला दाद देत नाही, आणि तिची धूळ फुफ्फुसांना फार वाईट.

शेंगांची टरफलं, उसाची चिपाडं, दाणे काढलेली मक्याची कणसं, पऱ्हाट्या, तुराट्या हा सगळा हलका, फुसफुशीत माल. यांचे टणक दाणे होत नाहीत, पण पूड कार्बन चांगला होतो, आणि तोही फॉस्फोरिक ॲसिडच्या वाटेने जास्त चांगला. काकवीचा रंग घालवायचा असेल तर माझा हात मक्याच्या कणसांकडे जाईल, करवंटीकडे नाही.

आधी वाफेची वाट सांगतो, कारण तिच्यात रसायन नाही आणि सांडपाण्याची डोकेदुखीही नाही.

पहिला टप्पा कोळशाचा. करवंटी वाळलेली हवी, शेंड्या आणि खोबऱ्याचे तुकडे काढलेले हवेत. तापमान हळूहळू वाढवा, ५०० ते ६०० अंशांपर्यंत न्या आणि तिथे तासभर ठेवा. घाई केली की वायू एकदम सुटतात, दाणा तडकतो आणि मऊ पडतो. धूर दाट पिवळट-पांढऱ्यावरून विरळ होत जवळजवळ दिसेनासा झाला म्हणजे डांबर संपत आलं. नीट झालेला तुकडा वाजवला की खणखणतो आणि तोडला की आतून चकाकतो. तपकिरी गाभा दिसला तर तो कच्चा आहे, तसाच पुढे पाठवू नका, सक्रियणात डांबर सोडून बाकीच्यांची छिद्रं बुजवील. पिंपातल्या कोळशाची खरी अडचण हीच असते: बाहेरचा थर राख झालेला, आतला कच्चा, मधला बरोबर. तिन्ही एकत्र कुटले की नेमकं काय चुकलं ते कधीच कळत नाही. निवडून घ्या. मग फोडून ३ ते ६ मिलीमीटरचे दाणे चाळा आणि बारीक पूड बाजूला काढा. पूड मध्ये राहिली तर वाफेच्या वाटा अडतात.

दुसरा टप्पा सक्रियणाचा, आणि सगळं कौशल्य इथे आहे. ७५० अंशांच्या खाली वाफेची क्रिया इतकी मंद की दिवस जाईल आणि हाती फार काही लागणार नाही. मग तापमान हजारावर न्यावं का? नाही. फार तापलेल्या दाण्यात वाफ आत शिरायच्या आधीच बाहेरच्या पृष्ठभागावर संपते. दाणा साबणाच्या वडीसारखा बाहेरून झिजतो, वजन घटतं आणि छिद्रं होतच नाहीत. ८५० ते ९०० ही पट्टी यासाठी की तिथे वाफेला दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला सवड मिळते.

हवेचंही तेच, किंबहुना जास्त वाईट. ऑक्सिजन कार्बनवर इतक्या वेगाने तुटून पडतो की तो आत जाण्याच्या भानगडीतच पडत नाही. माझ्या पहिल्या फिरत्या भट्टीच्या वेळी आम्ही कित्येक आठवडे हैराण होतो. तापमान बरोबर, वाफ भरपूर, उतारा (कोळशातून हाती येणारा माल) कमी येत चाललेला आणि आयोडीन नंबर, म्हणजे एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो तो आकडा, मात्र ५५०च्या वर हलत नव्हता. उतारा कमी म्हणजे सक्रियण चांगलं होतंय अशी आम्ही समजूत करून घेतली होती. शेवटी माल बाहेर पडतो त्या तोंडाच्या सीलमधून हवा आत ओढली जात होती असं सापडलं. सील बदललं, भट्टीत बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब ठेवला, आणि त्याच मालाने ९०० ओलांडले. तेव्हापासून उतारा आणि आयोडीन नंबर हे दोन आकडे मी कधी वेगवेगळे बघत नाही. दोन्ही एकदम कमी असतील तर भट्टीत हवा आहे, हे जवळजवळ नक्की.

वाफ किती लागते? १ किलो कार्बन खायला हिशेबाने दीड किलो वाफ. प्रत्यक्षात बरीच वाफ काही न करता निघून जाते, म्हणून जास्त सोडावी लागते. वाफ आधी चांगली तापवून घ्या, शंभर अंशांची ओली वाफ सोडली तर थर विझल्यासारखा गार होतो. आणि ही क्रिया उष्णता खाणारी आहे, हे लहान भट्टी बांधणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. बाहेरून तापवलेल्या मोठ्या पिंपात कडेचे दाणे ९०० अंशांवर असतात आणि मधले ६००वर अडकलेले, कारण कोळशाच्या दाण्यांतून उष्णता फार हळू सरकते आणि जी पोचते ती वाफ खाऊन टाकते. म्हणून प्रयोगासाठी वीतभर व्यासाची नळी घ्या, पिंप नको. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भिंतीला लावू नका, थराच्या मधोमध घाला. साधं लोखंड या तापमानाला पापुद्रे सोडून महिनाभरात गळतं, ३१० प्रतीचं स्टेनलेस स्टील किंवा आतून अग्निरोधक विटांचं अस्तर लागेल.

एक दिलासा मात्र आहे. बाहेर पडणारा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन जाळला तर सक्रियणाने जेवढी उष्णता खाल्ली, त्याच्या चौपट परत मिळते. तो वायू भट्टीखालीच जाळण्याची सोय केली की इंधनाचा खर्च खूप उतरतो, आणि विषारी वायू मोकळा सुटत नाही.

कुठे थांबायचं? मी घनतेवर चालतो. शंभर मिलीलिटरच्या नळकांड्यात कोरडे दाणे ठोकून भरायचे आणि वजन करायचं. सक्रियण जसं पुढे जातं तसे दाणे आतून पोकळ होतात, वजन उतरत जातं. करवंटीचा पाण्यासाठीचा चांगला कार्बन मिलीलिटरला ०.४५ ते ०.५५ ग्रॅममध्ये येतो. त्याच्याही खाली खेचत गेलात तर आयोडीन नंबर थोडा वाढेल, पण छिद्रांमधल्या भिंती कोसळायला लागतात, दाणा बोटात चुरडतो आणि उतारा हातातून जातो. साधारण निम्मा कोळसा खर्ची पडतो तिथे थांबावं. म्हणजे १०० किलो करवंटीतून २८-३० किलो कोळसा, आणि त्यातून १४-१५ किलो सक्रिय कार्बन. यापेक्षा फार जास्त उतारा कोणी सांगत असेल तर त्याचा आयोडीन नंबर विचारा.

आता फॉस्फोरिक ॲसिड. हे आम्ल लाकडातल्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं आणि त्यांना पुन्हा एकमेकींशी बांधतं, त्यामुळे डांबर फारसं सुटतच नाही आणि कार्बन जागच्या जागी राहतो. आम्लाने जी जागा अडवली होती ती नंतर धुतल्यावर मोकळी होते, तीच छिद्रं. म्हणून तापमान ४५० अंशांच्या आसपास पुरतं आणि उतारा ३५-४० टक्क्यांपर्यंत जातो. मक्याची कणसं वाळवून मिलीमीटरभर बारीक करा, एक भाग मालाला एक ते दीड भाग शुद्ध आम्ल या हिशेबाने साधारण ५० टक्क्यांच्या द्रावणात कालवा, रात्रभर मुरू द्या. मग १५०-२०० अंशांना काळं घट्ट होईपर्यंत वाळवा आणि ४५० अंशांवर तासभर ठेवा. त्यानंतर गरम पाण्याने धुण्याच्या फेऱ्या, पाण्याचा सामू ६च्या आसपास येईपर्यंत. पहिली एक-दोन धुणी दाट आम्लाची असतात, ती आटवून पुढच्या खेपेला वापरायची. हा परतावा बसवला नाही तर पद्धत परवडत नाही, आणि ते फॉस्फेटचं पाणी ओढ्यात गेलं तर शेवाळ माजून मासे मरतात. आम्ल परत मिळवण्याची सोय नसेल तर ही वाट धरूच नका, असं मी स्पष्ट सांगेन.

झिंक क्लोराइडही छान छिद्रं पाडतं, पण मालात जस्त राहतं आणि सांडपाण्यातही, म्हणून सोडून द्या. कॉस्टिक पोटॅशने (पोटॅशियम हायड्रॉक्साइडने) ग्रॅममागे २००० चौरस मीटरच्या पुढे जाता येतं, आणि या एका बाबतीत रसायन तयार कोळशातच मिसळतात. पण ७००-८०० अंशांवर त्यातून धातुरूप पोटॅशियम तयार होतं. गार न झालेल्या भांड्यात पाणी ओतलं की पेट घेतं. ते प्रयोगशाळेत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली.

मोजमापाशिवाय यातलं काहीच शिकता येत नाही. आयोडीन नंबरची चाचणी शाळेतल्या टायट्रेशनइतकीच अवघड आहे: वाळवलेली बारीक पूड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळायची, ०.१ नॉर्मल आयोडीनचं १०० मिलीलिटर द्रावण घालून ३० सेकंद हलवायचं, लगेच गाळायचं, उरलेलं आयोडीन थायोसल्फेटने मोजायचं. एकाच वजनावर विसंबू नका. तीन वेगवेगळ्या वजनांनी करा आणि गाळलेल्या द्रावणाची ताकद ०.०२ नॉर्मल असताना ग्रॅममागे किती मिलिग्रॅम आयोडीन धरलं तो आकडा आलेखावरून काढा. साधा कोळसा बहुधा दोन-तीनशेच्या आसपास राहतो, पाण्यासाठीचा करवंटी कार्बन ९०० ते ११००. मोठ्या रेणूंसाठी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाची चाचणी वेगळी करा, आणि काकवीसाठी प्रत्यक्ष काकवीच वापरा. नमुने सारखे बारीक आणि सारखे वाळलेले असले पाहिजेत, नाहीतर तुलना फुकट जाते. अगदी काहीच साधन नसेल तेव्हा कोरडा कार्बन पाण्यात टाकून बघा: चांगला असेल तर बराच वेळ बुडबुडे सोडत राहतो आणि मूठभर मालाला पाणी हाताला कोमट लागतं. साधा कोळसा नुसता तरंगत राहतो.

सुरक्षिततेबद्दल दोन-तीन गोष्टी मनापासून. भट्टीतला वायू बिनवासाचा विषारी आहे आणि स्फोटकही. बंद शेडमध्ये भट्टी लावू नका, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म अंगावर ठेवा, आणि भट्टी उघडण्याआधी आतला वायू नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूने हाकलून द्या. माझा एक सहकारी भट्टीच्या तोंडाशी फक्त वाकून बघायला गेला आणि तिथेच कोसळला. दोघं जवळ होते म्हणून वाचला. ताजा कार्बन हवा न लागता पूर्ण थंड होऊ द्या. कोमट माल पोत्यांत भरून थप्पी लावली तर तो हवेतला ऑक्सिजन धरत आतून तापत जातो, आणि सकाळी पोती धुमसताना दिसतात. आणि ओला कार्बन भरलेल्या टाकीत कधीही एकट्याने उतरू नका, तो बंद जागेतल्या हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो आणि आत उतरणाऱ्याला काही जाणवायच्या आत शुद्ध जाते.

तुमच्या मनात पिण्याचं पाणीही असेल तर हे लक्षात घ्या: कार्बन क्लोरीन, वास, रंग आणि बरीचशी कीटकनाशकं काढतो. फ्लोराइड, नायट्रेट, क्षार आणि पाण्याचा जडपणा तो काढत नाही. जंतू तर मारत नाहीच, उलट जुन्या थरात ते वाढतात. घरी केलेला कार्बन पोटात घेण्यासाठी तर मुळीच वापरू नका.

आता लगेच काय कराल? पिंपातला निवडलेला करवंटीचा कोळसा घ्या, ३-६ मिलीमीटरला चाळा, वजन आणि घनता लिहून ठेवा. वीतभर नळीत अर्धा किलो भरा, गाभा ८७० अंशांवर धरा आणि वाफ सोडा. एक, दोन आणि तीन तासांच्या तीन वेगळ्या खेपा करा. प्रत्येक खेपेचं उरलेलं वजन, घनता आणि आयोडीन नंबर एका ओळीत मांडा. वेळ वाढेल तशी घनता उतरत आणि आयोडीन नंबर चढत गेला तर भट्टी बरोबर आहे, मग मोठी भट्टी बांधण्याबद्दल बोलू. वजन उतरतंय पण नंबर जागचा हलत नसेल तर आधी सगळे सांधे तपासा, हवा कुठून शिरते ते शोधा. काकवीसाठी मक्याच्या कणसांचा एक नमुना फॉस्फोरिक ॲसिडने वेगळा करा, पण पहिलं धुणं आटवायचं भांडं तयार झाल्यावरच.